अक्का, तुमचा गट नेमका कोणता? बचत गट की मायक्रोफायनान्सचा गट

आपल्या सोलापुरात पूर्व भागात कुठंही जाऊन विचारा, अक्का तुम्ही गटात आहात का, तर हो म्हणतात, पण कोणत्या गटात हे पुढं कुणी विचारतच नाही. आम्ही काही जण रविवारी दुपारी विडी घरकुलात बसतो, पासबुक, कर्जाची कार्डं, बँकेचे मेसेज वाचून द्यायला, पैसे काही घेत नाही. मागच्या पावसाळ्यात एक मावशी आल्या, पिशवीतनं तीन कार्डं काढली आणि म्हणाल्या हे माझे तीन बचत गट, सोमवारी एकाचा हप्ता, बुधवारी दुसऱ्याचा, शुक्रवारी तिसऱ्याचा. मी विचारलं, मावशी यात तुमची बचत किती जमली? त्या बराच वेळ कार्डाकडं बघत राहिल्या. बचत काहीच नव्हती, कारण तिन्हीपैकी एकही बचत गट नव्हता, तिन्ही मायक्रोफायनान्सचे कर्जगट होते.

घोळ होणारच, कारण बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतं. कुणाच्या तरी दारात सतरंजी टाकलेली, बायका गोल बसलेल्या, आधारच्या झेरॉक्स, एक लीडर, आणि दोन्हीकडं तारण लागत नाही. भिशी वेगळी, ती सगळ्यांना कळते, तिच्यात कुणी फसत नाही ओळखायला.

खरा बचत गट सुरू होतो बचतीनं. 10 ते 20 जणी, महिन्याला 100 किंवा 200 जे ठरेल ते, गटाच्या नावानं बँकेत खातं, मीटिंगचं रजिस्टर. आधी आपल्याच जमलेल्या पैशातनं एकमेकींना कर्ज द्यायचं, साधारण 6 महिने हे नीट चाललं की मग बँक गटाला कर्ज देते, म्हणजे कर्ज गटाच्या नावावर, कुणा एकीच्या नाही. नाबार्डनं 1992 मध्ये बचत गट बँकेला जोडायचं काम सुरू केलं ते याच पद्धतीनं, आणि आपल्याकडं माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्य सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांचे गट असेच चालतात.

मायक्रोफायनान्सच्या गटात सुरुवातच कर्जानं होते. कंपनीचा माणूस येतो, पाच-दहा जणींचा गट करतो, कर्ज प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर, आणि गट कशासाठी तर एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरावा म्हणून. तिथं रजिस्टर तुमचं नसतं, गटाच्या नावानं खातं नसतं, हप्त्याचा वार तुम्ही ठरवत नाही.

आता व्याजाचं बघा, इथं लोकं सगळ्यात जास्त चुकतात. बचत गटात आतलं कर्ज बऱ्याच ठिकाणी शेकडा 2 रुपये महिना असतं, म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि मायक्रोफायनान्सचा दरही साधारण त्याच आसपास येतो, मग फरक काय असं एका ताईनं मला विचारलं होतं आणि प्रश्न अगदी बरोबर होता. फरक व्याज कुठं जातं याचा आहे. गटातनं 5,000 घेतले तर पहिल्या महिन्याचे 100 रुपये व्याज गटाच्याच पेटीत पडतात, त्यात तुमचाही वाटा आहे, पुढच्या वर्षी तीच रक्कम दुसऱ्या एखादीच्या पोराच्या फीला कामी येते. कंपनीकडनं 40,000 घेतले 24 टक्क्यानं 2 वर्षांसाठी, तर महिन्याला साधारण 2,115 पडतात, एकूण 50,750 च्या आसपास, म्हणजे पावणेअकरा हजार वस्तीतनं बाहेर गेले. वरनं प्रोसेसिंग फी आणि विमा कापून हातात 40,000 पूर्ण येतही नाहीत. आणि कुणी म्हणालं फक्त 12 टक्के फ्लॅट, तर सावध व्हा, कारण फ्लॅटमध्ये फिटलेल्या रकमेवरही व्याज चालूच राहतं, 2 वर्षांच्या कर्जाला ते खरं 21-22 टक्के पडतं. फॅक्टशीट मागा, त्यावर सगळं धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो, तो देणं त्यांना बंधनकारक आहे.

मी मायक्रोफायनान्सला शिव्या देत नाहीये. महिन्याला शेकडा 10 नं देणाऱ्या खाजगी सावकारापेक्षा ते कितीतरी बरं, वर रिझर्व्ह बँक आहे. गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावायचाय, माल आधी भरायचाय, पैसा महिन्याभरात फिरणार आहे, तर घ्या. पण दवाखाना, लग्न, किंवा जुना हप्ता भरायला नवं कार्ड, हे करू नका हो. मावशींचं तेच झालं होतं, दुसरं कार्ड पहिल्यासाठी आणि तिसरं दुसऱ्यासाठी.

2022 पासून नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त व्हायला नकोत. मावशींच्या घरी विड्या आणि मालकांचा कारखान्याचा पगार धरून 14,000 यायचे, आणि तीन हप्ते मिळून आठवड्याला 1,950, म्हणजे महिन्याला 7,800 च्या वर. तिसरं कार्ड द्यायलाच नको होतं. वसुलीला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, अपमान करायचा नाही, मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही, हेही नियमातच आहे. त्रास झाला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, नाही ऐकलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, माहितीसाठी 14448.

बचत गट आपोआप चांगला असतो असंही नाही. बऱ्याच गटात एकच ताई सगळं लिहिते, बाकीच्या सह्या करतात, आणि कर्ज कुणी उचललं हे वर्षभर कळत नाही. आपल्याकडं त्यात भाषेची अडचण, रजिस्टर मराठीत आणि निम्म्या जणींचं घरातलं बोलणं तेलुगू. म्हणून आम्ही आता मीटिंगला रजिस्टर आधी मोठ्यानं वाचतो, मराठीत आणि मग एक पोरगी तेलुगूत सांगते, बारावीला आहे ती, आकडे एकदम पक्के. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका अक्कांना कळलं की त्यांच्या नावावर 3,000 शिल्लक आहेत, त्यांना वाटत होतं आपलंच देणं आहे.

मावशींचं सोमवारचं कार्ड दिवाळीआधी बंद झालं. त्या हप्त्याच्या सुटलेल्या पैशातले 100 रुपये मावशी आता नव्या बचत गटात टाकतात, शुक्रवारचं अजून 7 महिने आहे.