सरकारी दवाखाना आणि पेशंट: अविश्वास नेमका कधीपासूनचा?

रेसिडेंट डॉक्टरला, म्हणजे पुढचं शिक्षण घेता घेता सरकारी हॉस्पिटलात ड्युटी करणाऱ्याला, मारहाण झाली की दोन दिवस बातमी चालते, मार्ड ही त्यांची संघटना संपावर जाते, मंत्री गार्ड वाढवतो म्हणतात आणि मग पुढच्या मारहाणीपर्यंत सगळं शांत. पण हे काही सोशल मीडियाच्या काळातलं खूळ नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पेशंटला घरातून उचलून न्यायचे, घरचे बाहेर, आत काय चाललंय पत्ता नाही, जिवंत परत येणारे थोडेच, त्यात जात बाटेल याचं आणि बायकांना परका पुरुष हात लावणार याचं भय, मग लोक पेशंट लपवायला लागले. त्या ऑक्टोबरमध्ये हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर, म्हणजे आत्ताच्या कस्तुरबावर, हल्लाच केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, पुण्यात रँडच्या राज्यात सोल्जर घरात घुसायला लागले आणि जूनमध्ये चाफेकरांनी रँडला गोळी घातली, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय.

त्याच साथीत पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून आणलं, स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेगवर खात्रीचं औषध ना सरकारकडे होतं ना त्यांच्याकडे. तरी लोक एकीकडून पळत होते आणि दुसरीकडे जात होते, यातच बरंच काही आलं.

आणि तोच १८९७ चा कायदा एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या वेळी बदलला, कशासाठी, तर डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत आत टाकता यावं म्हणून!

मधल्या काळात काहीच झालं नाही असंही नाही. १९४६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलला देशातला पहिला मेडिकल सोशल वर्कर नेमला गेला, पेशंटच्या घरची अडचण समजून घ्यायची आणि डॉक्टरचं म्हणणं घरच्यांपर्यंत न्यायचं हे त्याचं काम. समाजसेवा अधीक्षक म्हणून ही पोस्ट आजही आहे, पण बराचसा दिवस मदतीसाठी ट्रस्टना पत्रं, योजनेचे फॉर्म आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्समध्ये जातो. रेसिडेंटना सलग १२ तासांच्या वर ड्युटी नको, आठवड्याला ४८ तास बास, हे केंद्र सरकारनं १९९२ मध्येच लिहून दिलंय, आता वॉर्डात जाऊन कुणालाही विचारा. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ग्राहक कायदा डॉक्टरांना लावला पण जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ते सरकारी दवाखाने त्यातून बाहेर राहिले, म्हणजे पैसेवाल्याला ग्राहक मंच आणि गरिबाला काय, तर समोर उभा असलेला पंचविशीतला रेसिडेंट, ज्यानं ना बेड कमी केलेत ना औषध संपवलंय.

मग डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० चा राज्याचा कायदा, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा होईपर्यंत मारलं, राज्यभर रेसिडेंट मास लीव्हवर गेले, हायकोर्टाला मधे पडावं लागलं आणि ११०० गार्ड द्यायचं ठरलं. पेशंटमागे दोनच नातेवाईक, हा नियमही कडक झाला. गर्दी कमी व्हायलाच हवी, पण गेटबाहेर थांबलेल्या दहा जणांना आत काय चाललंय हे सांगणार कोण? १८९६ मध्येही घोडं इथंच अडलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलात २४ तासांत २४ मृत्यू झाले तेव्हा तर एका खासदारानं थेट डीनच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या, हातात टॉयलेटचा ब्रश दिला. औषधं आणि माणसं कमी का होती हा प्रश्न राहिला बाजूलाच.

माझ्या मते खरा वेगळा प्रयोग गावाकडं झाला. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावानंच लक्ष ठेवणं, सुरू झाली, त्यात जनसुनवाई व्हायची, गावातली माणसं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसमोर उभं राहून सांगायची की औषध बाहेरून आणायला लावतात, सिस्टर मुक्कामी नसते, पैसे मागतात. सुरुवातीला स्टाफला हे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटायचं, साहजिक आहे. पण पुढं डॉक्टरही तिथंच बोलायला लागले, पोस्ट रिकामीय, साठा वरूनच येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी दोघांची तक्रार एकत्र वर जायला लागली. मेडिकल कॉलेजांच्या मोठ्या हॉस्पिटलांत अशी सवय काही रुजली नाही.

२०१९ पासून एमबीबीएसला एटकॉम नावाचा अभ्यासक्रम आलाय, वागणूक, नीतिमत्ता आणि पेशंटशी बोलणं शिकवतात, वाईट बातमी कशी सांगायची हे पण. चांगलंच आहे. फक्त पेशंटला डॉक्टर भेटायच्या आधी गेटवरचा गार्ड भेटतो, मग केस पेपरच्या खिडकीतला माणूस, मग वॉर्डातले मामा नि मावशी, यातले कितीतरी कंत्राटावर, आणि एटकॉम फक्त डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहे.