शिडाच्या होडीचा ट्रेलर : ॲक्सल आणि ब्रेकची निवड

शिडाची होडी रस्त्याने नेणाऱ्या ट्रेलरचा ॲक्सल आणि ब्रेक निवडताना दोन गोष्टी पाहतात : भरलेल्या ट्रेलरचे खरे वजन आणि चाके किती खोल पाण्यात जाणार. मालवाहू ट्रेलरला दुसरा प्रश्न नसतो, म्हणून त्याचे सुटे भाग इथे जसेच्या तसे चालत नाहीत. बुडाला स्थिर कील (होडीला तोल देणारे खाली उतरलेले पाते) असलेली होडी ट्रेलरवर बरीच उंच बसते. ती तरंगेपर्यंत ट्रेलर उतारावर खोल न्यावा लागतो आणि हब (चाकाचा बेअरिंगांसह मधला भाग), ब्रेक सगळेच पाण्याखाली जाते. कील वर ओढून घेता येत असेल तर हा त्रास बराच कमी.

वजन. माहितीपत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या होडीचा असतो. इंजिन, इंधन, बॅटरी, नांगर-साखळी, पाणी, शिडे हे सगळे त्यात वाढते. समजा होडी 1,000 किलो, सामान 200 आणि ट्रेलर 400, एकूण 1,600. त्यातला 8 टक्के भार कपलरवर (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या टोकावर), म्हणजे 128 किलो ओढणाऱ्या गाडीवर, आणि उरलेले 1,472 किलो ॲक्सलवर. 3,500 पौंडांचा (1,588 किलो) प्रचलित ॲक्सल कागदावर पुरतो. 20 टक्के जास्तीचे धरले की गरज 1,766 किलोंवर जाते आणि तो तोकडा पडतो. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर घालणे हाच खात्रीचा उपाय. ॲक्सल, स्प्रिंग, हब, रिम आणि टायर यांत सर्वांत कमी क्षमतेचा जो भाग, तीच ट्रेलरची क्षमता.

गरजेपेक्षा फार दणकट ॲक्सलही बरा नव्हे. याच होडीखाली 3,500 पौंडांचे दोन ॲक्सल घातले तर स्प्रिंगा दबतच नाहीत आणि रस्त्याचा प्रत्येक दणका होडीला बसतो. हजार-हजार किलोंचे दोन पुरेत.

ॲक्सल. दोन ॲक्सलांचा ट्रेलर वेगात स्थिर चालतो आणि एक टायर फुटला तरी सावरतो. मात्र अरुंद वळणावर टायर घासतात आणि हाताने ढकलणे जवळपास अशक्य होते. कमानपाट्यांचा (लीफ स्प्रिंगांचा) ॲक्सल स्वस्त, उघडा आणि दुरुस्तीला सोपा. दोन ॲक्सलांमध्ये इक्वलायझर (दोन्हींच्या स्प्रिंगा जोडणारी झुलती पट्टी) असला की भारही वाटला जातो. टॉर्शन ॲक्सलमध्ये चौकोनी नळीत दाबलेले रबर स्प्रिंगचे काम करते. चाल मऊ असते, पण नळी आतून गंजली तर अख्खा ॲक्सल बदलावा लागतो. टॉर्शनची जोडी एकमेकींना भार देत नाही. कपलर जरा उंच राहिला तरी मागच्या ॲक्सलवर बोजा चढतो. म्हणून खाऱ्या पाण्यासाठी गॅल्व्हनाइज्ड कमानपाटेच बरे. मधे खाली वाकवलेला ड्रॉप ॲक्सल कीलला जागा देतो आणि होडी काही इंच खाली आणतो.

मागवताना हबच्या तोंडापासून तोंडापर्यंतचे आणि दोन स्प्रिंगांच्या मध्यांमधले अंतर, तसेच चाकाच्या बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास द्यावा. बसवताना यू-बोल्ट ढिले ठेवून ॲक्सल पुढेमागे सरकवतात. कपलरवर एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भार यायला हवा. त्याहून कमी असला की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावतो. हे मोजमाप डोलकाठी आडवी बांधून आणि इंजिन जागेवर ठेवूनच करावे.

ब्रेक. युरोपीय संघात 750 किलोंवरील आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत 3,000 पौंडांवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. विद्युत ब्रेकचे चुंबक आणि तारा खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत, म्हणून होडीला बहुधा हायड्रॉलिक सर्ज ब्रेक लावतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्याने कपलरमधला मास्टर सिलिंडर दाबला जातो. चढावर मागे घेतानाही असाच रेटा बसून ब्रेक लागतात; त्यासाठी उलट फिरताना मोकळे राहणारे ड्रम किंवा रिव्हर्स दिव्याच्या तारेवर चालणारा सोलेनॉइड (ब्रेकचा दाब अडवणारी विद्युत झडप) हवा.

ड्रममध्ये मीठ-वाळू अडकून राहते; धुण्याची नळी जोडली नसेल तर शूज (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) जाम होतात. डिस्क उघडी असल्याने धुता येते, पण कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना वरचेवर ग्रीस कराव्या लागतात. ड्रम काढून डिस्क बसवताना जुना ॲक्च्युएटर (कपलरमधला मास्टर सिलिंडरसह ब्रेक दाबणारा भाग) तसाच ठेवला की घोळ होतो. ड्रमच्या ॲक्च्युएटरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, जो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. डिस्कला तो दाब नको असतो. पॅड घासत राहतात, रोटर (फिरणारी डिस्क) तापतो आणि हबमधले ग्रीस वितळते. शिवाय डिस्कला दाबही जास्त लागतो, म्हणून ॲक्च्युएटर डिस्कचाच घ्यावा. ब्रेकची नळी साध्या पोलादाऐवजी तांबे-निकेलची असावी. दोन ॲक्सल असतील तर ब्रेक चारही चाकांना लावावेत; हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.

बेअरिंगही पाण्यामुळेच जातात. तापलेला हब थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी शोषले जाते. म्हणून उतारावर जाण्याआधी अर्धा तास थांबावे. स्प्रिंगची ग्रीसटोपी आत किंचित दाब ठेवते, पण मागचे सील फाटले असेल तर तिचा उपयोग नाही. टोपी काढल्यावर ग्रीस दुधाळ दिसले तर बेअरिंगे धुऊन, तपासून, नव्या सीलसह बसवावीत.