तांब्या-पितळेची भांडी: दीर्घकाळ टिकणाऱ्या खरेदीविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तांब्या-पितळेच्या भांड्यांत घातलेले पैसे ही गुंतवणूक समजायची का, असा प्रश्न आमच्या दुकानात येणारे अनेक ग्राहक विचारतात. आमचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र सोन्याच्या वळ्याला आपण ज्या अर्थाने गुंतवणूक म्हणतो, त्या अर्थाने नाही. पितळी पातेले उद्या मोडीत घालायला नेले, तर वजनावर पैसे मिळतात, परंतु आपण दिलेली घडणावळ परत मिळत नाही, लोखंडी कड्यांचे वजन वजा होते आणि मोडीचा भाव नव्या पत्र्याच्या भावापेक्षा नेहमीच कमी असतो. त्यामुळे धातूचा भाव चढेल या आशेने भांडी घेऊन माळ्यावर रचून ठेवावीत, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. मोडीची किंमत हा केवळ आधार आहे. अगदी निरुपयोगी झालेले भांडेही फुकट जात नाही, एवढाच तिचा अर्थ. पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते भांडे वर्षानुवर्षे चुलीवर चढते, झिजले की दुरुस्त होते आणि पुन्हा वापरात येते म्हणून. म्हणून खरेदी करताना दोनच गोष्टी कसोशीने पाहाव्यात, असा आमचा आग्रह असतो: पत्र्याची जाडी आणि दुरुस्तीची सोय.

जाडी आमच्या व्यवसायात गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १६ गेजचा पत्रा साधारण १.६ मिलिमीटर, २० गेजचा ०.९ मिलिमीटर, तर २२ गेजचा जेमतेम ०.७ मिलिमीटर असतो. एकाच मापाची दोन पातेली दिसायला सारखी असली, तरी १६ गेजचे पातेले वजनाला २० गेजच्या सुमारे पावणेदोन पट भरते आणि किंमतही त्या प्रमाणात वाढते. रोज भात-आमटी शिजवायची असेल, तर ही जास्तीची किंमत जरूर द्यावी; पातळ बुडाला अन्न लागते, पोचे लवकर पडतात आणि वारंवार घासून-तापवून बूड वर्षागणिक हलके होत जाते. तांब्या, फुलपात्र किंवा देवाची ताम्हने आगीवर जात नसल्यामुळे त्यांना पातळ पत्रा चालतो.

मठारलेल्या भांड्यांविषयीही बरेच जण विचारतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही हातोडीने ठोक्याला ठोका लावून मठारकाम होते. त्या ठशांमुळे भांड्याला शोभा येते हे खरेच, पण ठोके बसल्याने धातू कडकही होतो आणि पत्रा सहजासहजी चेपत नाही. मठारलेल्या घंगाळाची किंमत साध्या घंगाळापेक्षा जास्त असण्यामागे हे काम आहे, आणि ते पाहता ती किंमत आम्हाला वाजवी वाटते.

बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली भांडीही मिळतात. चुंबक चिकटला, तर आत लोखंड आहे हे नक्की समजावे. मात्र काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही, म्हणून काठाच्या आतल्या बाजूला बारीकशी रेघ ओढून खालचा रंग पाहण्यास दुकानदाराची परवानगी मागावी. चमक टिकावी म्हणून लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, लावलेली भांडी शोभेची असतात, ती शेगडीवर ठेवू नयेत. नेहमीच्या इंडक्शन शेगडीवर तांब्या-पितळेची भांडी तापत नाहीत, हेही घेण्यापूर्वी ध्यानात असावे.

कल्हईविषयी

पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल, तर आतून कल्हई, म्हणजे कथील (टिन) या धातूचा पातळ थर, हवीच. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, कढी, आमसुलाचे सार किंवा चिंचेची आमटी ठेवली, की ती कळकते. आंबटामुळे तांबे पदार्थात उतरते, चव बिघडते आणि मळमळ, उलटी असा त्रास होऊ शकतो. कल्हईवाल्याचे काम एकदा जवळून पाहावे, कारण कोठे कसूर होते हे त्यावरून कळते. भांडे आधी आतून घासून अगदी स्वच्छ करतात, मग भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर सांडशीने फिरवत तापवतात. पुरेसे तापले, की कथलाची कांडी आतून टेकवतात; कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने ते लगेच पाझरते. त्यावर नवसागराची पूड टाकली, की पांढरा धूर उठतो, धातूवरचा मळ सुटतो आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवलेले कथील चांदीसारखे सर्वत्र पसरते. धुण्यात किंवा तापवण्यात घाई झाली असेल, तर तेथे कथील धरत नाही आणि पिवळे ठिपके राहतात.

याहून गंभीर बाब म्हणजे शिसे. स्वस्त पडते म्हणून कथलात शिसे मिसळण्याचे प्रकार होतात आणि शिसे शरीराला, विशेषतः लहान मुलांना, घातक आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली, तर बारीक करकर ऐकू येते. शिसे मिसळलेल्या कांडीत हा आवाज मंदावतो किंवा येतच नाही. आमच्याकडे कल्हईला भांडे देताना ग्राहकांनी कांडी मागून घ्यावी आणि वाकवून पाहावी, त्यात आम्हाला काहीही गैर वाटत नाही.

कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये व त्यात कोरडे भाजू नये; २३२ अंशांची मर्यादा मोठ्या आचेवर पाहता पाहता ओलांडली जाते आणि कथील गोळा होऊन बसते. उलथने लाकडी असावे, तारेची घासणी वापरू नये. आतून पिवळा किंवा तांबूस रंग डोकावू लागला, की पुन्हा कल्हई करून घ्यावी. रोजच्या भांड्याला ही वेळ साधारण वर्षातून एक-दोनदा येते. हा खर्च खरेदीच्या हिशेबात सुरुवातीलाच धरावा.

पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या भांड्याला कल्हई नसते. त्यात साधे पाणीच ठेवावे, लिंबू-सरबत नव्हे. विल्सन आजार असणाऱ्यांच्या शरीरात तांबे साठत जाते, त्यामुळे त्यांनी हे पाणी टाळावे.

बंब

आपल्या घराची मदार आपल्यावरच असावी असे ज्यांना वाटते, त्यांना आम्ही पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब आवर्जून दाखवतो. मधल्या नळीत करवंट्या, झावळ्यांचे तुकडे किंवा काटक्या जळतात, भोवतालचे पाणी तापते, राख खालच्या जाळीतून पडते. त्याला ना वीज लागते, ना गॅस. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी अंगणात बंब असणे ही केवढी सोय आहे, हे कोकणातल्या ग्राहकांना सांगावे लागत नाही. सदनिकेत मात्र बंब घेऊ नये. धुराची सोय नसेल, तर तो धोक्याचा आहे. तसेच पाणी भरल्याशिवाय बंब कधीही पेटवू नये, कारण त्याचे सांधे झाळलेले (वितळलेल्या धातूने जोडलेले) असतात आणि कोरड्या आचेने ते सुटतात.

घरातील जुन्या भांड्यांबद्दल आमची एक कळकळीची विनंती आहे. स्टील घरोघर आले, तेव्हा कितीतरी हंडे, घागरी आणि पराती मोडीत गेल्या. त्यांतील बऱ्याच भांड्यांचा पत्रा आज सहसा मिळतो त्याहून जाड होता. कोणा आजीचे नाव आणि लग्नाची तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेला हंडा मोडीसाठी समोर येतो, तेव्हा तो वजनकाट्यावर ठेवण्याआधी आम्ही त्याचे बूड तपासतो. पोचे काढता येतात, कान नव्याने रिव्हेटने बसवता येतात, गळणारा सांधा झाळता येतो आणि बूडच गेले असेल, तर तेही बदलता येते. हा खर्च तेवढ्याच जाडीच्या नव्या भांड्यापेक्षा बहुधा कमी पडतो. तपासणीसाठी आम्ही शुल्क घेत नाही. भांडे आणण्यापूर्वी ते घासून लखलखीत करू नये. हिरवट डाग आणि ओघळ जसेच्या तसे असले, की गळती नेमकी कोठे आहे हे कारागिराला लगेच सापडते.