घटसर्प, धनुर्वात व पोलिओ प्रतिबंधक लसीकरण (कोल्हापूर जिल्हा)

घटसर्प, धनुर्वात आणि पोलिओ यांपासून संरक्षणासाठी बालके, किशोरवयीन मुले व गर्भवती यांना ठरावीक काळी दिल्या जाणाऱ्या लशींचा क्रम. भारतात १९८५ पासून तो सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाखाली मोफत राबवला जातो. कोल्हापूर जिल्ह्यात शासकीय रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि गावोगावच्या अंगणवाड्यांत भरणारी सत्रे यांतून हे काम चालते.

या तीन रोगांची नावे एका दमात घेतली जातात, पण त्यांचे स्वरूप निराळे आहे. घटसर्पात घशात करडा पापुद्रा धरून श्वास अडतो आणि जंतूंचे विष हृदयाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. पोलिओचा विषाणू दूषित पाणी व हातांवाटे पोटात जातो आणि काही मुलांचे हातपाय कायमचे लुळे करतो. धनुर्वात मात्र माणसाकडून माणसाला होतच नाही. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणखतात वर्षानुवर्षे तग धरतात, त्यामुळे सगळ्या गावाने लस घेतली तरी न घेतलेल्या एकाचे त्याने रक्षण होत नाही. गोठ्यात शेण काढणारी बाई असो वा उसाच्या फडात कोयता चालवणारा गडी, जखम झाल्यावर ज्याचे डोस त्यालाच उपयोगी पडतात. गर्भवतीला टीडी (धनुर्वात व घटसर्प यांवरची एकत्रित लस) दिल्यास तिची प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी रक्तातील प्रथिने) वारेतून बाळाला मिळतात. याच उपायाने आणि स्वच्छ प्रसूतीने नवजात धनुर्वात आटोक्यात आला.

जन्मताच तोंडावाटे पोलिओचे दोन थेंब, मग ६, १० व १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (घटसर्प व धनुर्वातासह पाच रोगांवरची एकत्रित लस) आणि पुन्हा थेंब, असा प्रारंभीचा क्रम आहे. पोलिओचे इंजेक्शन ६ आणि १४ आठवड्यांना व ९ महिन्यांना, दंडावर कातडीत देतात. १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरची लस) पहिला बूस्टर, म्हणजे संरक्षण टिकवणारा जादा डोस, ५ ते ६ वर्षांत दुसरा, पुढे १० व १६ व्या वर्षी टीडी. आई-बाप मांडीवरचे डोस मन लावून पुरे करतात, शाळेच्या वयातले विसरतात. घटसर्पाच्या दृष्टीने खरा धोका इथेच आहे, कारण बालपणी मिळालेली प्रतिकारशक्ती हळूहळू ओसरते.

लशीचे तापमान २ ते ८ अंश सेल्सियस राखावे लागते. डीपीटी, पेंटाव्हॅलंट आणि टीडी गोठल्या की निकामी होतात. शंका आल्यास कुपी हलवून पाहतात: गोठून गेलेल्या लशीत कण दिसतात आणि गाळ भराभर तळाशी बसतो. चंदगड किंवा शाहूवाडीतील धनगरवाड्यांवर लशीचा डबा खांद्याला लावून पायी चढणाऱ्या आरोग्य सेविकेला हे भान सतत बाळगावे लागते.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. तरीही थेंब चालू आहेत, कारण शेजारच्या अफगाणिस्तान व पाकिस्तानात विषाणू अजून टिकून आहे.

जिल्ह्यात सर्वांत निसटती मुले ऊसतोड कुटुंबांची. गळीत हंगामात ती मराठवाड्यातून येऊन कारखान्यांच्या परिसरात खोपी घालून राहतात. डोसांत अंतर पडले म्हणून मालिका नव्याने सुरू करावी लागत नाही, हे या पालकांना सांगणे सर्वांत निकडीचे आहे. बीडच्या उपकेंद्रात पहिला डोस घेतलेल्या बाळाला शिरोळच्या अंगणवाडीत कार्ड पाहून दुसरा देता येतो.