इब्री लोकांस पत्र: पौलाचे नाव कसे चिकटले?

बायबलच्या नव्या करारातल्या बहुतेक पत्रांत लिहिणारा पहिल्याच ओळीत आपले नाव सांगतो. इब्री लोकांस पत्रात नाव नाही, मायनाही नाही, सुरुवातच प्रवचनाची. अखेरीस पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या सुटकेची बातमी आणि इटलीकडच्या मंडळींचा सलाम येतो, एवढाच काय तो धागा.

इ.स. 96 च्या सुमारास रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याच्या, रोमहून करिंथला गेलेल्या पत्रात यातला मजकूर ओळखू येतो. तरीही पुढे याच पश्चिमेकडच्या मंडळ्या ते प्रेषित पौलाचे मानायला फार काळ तयार नव्हत्या. सहाव्या अध्यायातला इशारा अडचणीचा होता: विश्वासातून ढळलेल्याला पुन्हा पश्चात्तापाची वाट नाही. कर्मठांना तो हवाच होता. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन याने व्यभिचाऱ्यांना क्षमा नाकारताना त्याचाच आधार घेतला, आणि लेखक म्हणून नाव दिले पौलाचा सहकारी बर्णबा याचे.

पूर्वेत चित्र उलटे. इ.स. 200 च्या आसपासच्या एका पपायरस हस्तलिखितात हे पत्र रोमकरांस पत्राच्या लगेच पाठोपाठ येते. शैली पौलाची नाही हे आलेक्सांद्रियाच्या विद्वानांनाही दिसत होते. पौलाने हिब्रूत लिहिले आणि लूकने ग्रीकमध्ये आणले, हा तिथल्या दुसऱ्या एका क्लेमेंटचा तोडगा. पण पत्रातला युक्तिवादच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरावर उभा आहे, त्यामुळे तो टिकत नाही. तिथलाच विद्वान ओरिजेन अधिक प्रामाणिक: विचार पौलाच्या वळणाचे, लेखणी दुसऱ्याची, आणि ती कोणाची हे देवालाच ठाऊक.

पौलाविरुद्धचा पुरावा मला तरी निर्णायक वाटतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल बजावून सांगतो की सुवार्ता आपल्याला माणसाकडून मिळालेली नाही. इथला लेखक मात्र ती प्रभूचे ऐकणाऱ्यांकडून आपल्यापर्यंत आली असे दुसऱ्या अध्यायात सरळ म्हणतो. तरी 367 मध्ये आलेक्सांद्रियाचा बिशप अथनासियस याने पौलाची 14 पत्रे मोजली, जेरोम आणि ऑगस्टीन या लॅटिन धर्मपंडितांमुळे पश्चिमही वळली, आणि पत्राला पौलाच्या नावाचे छत्र मिळाले.

जर्मन धर्मसुधारक लूथरने ते काढून नव्या करारातल्या अपुल्लोस या प्रचारकाचे नाव सुचवले. आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात आणि शास्त्रात निपुण: अंदाज चांगला, पुरावा शून्य. 1900 मध्ये जर्मन अभ्यासक हार्नाकने पौलाची सहकारी प्रिस्किल्ला हिचे नाव पुढे केले, पण अकराव्या अध्यायात लेखक स्वतःसाठी पुल्लिंगी रूप वापरतो.

काळाचाही असाच घोळ. याजकांच्या अर्पणांचे वर्णन वर्तमानकाळात आहे, म्हणून अनेकजण पत्र इ.स. 70 च्या यरुशलेमच्या मंदिरविध्वंसाआधीचे मानतात. पण यहुदी इतिहासकार योसेफसही विध्वंसानंतर तसाच वर्तमानकाळ वापरतो, आणि या पत्रात वर्णन आहे ते मोशेच्या काळच्या तंबूवजा निवासमंडपाचे. यरुशलेमच्या मंदिराचा त्यात उल्लेखच नाही.