व्हिडिओ गेम कन्सोलचा खप

घरच्या टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. सेगाचे सॅटर्न आणि सोनीचे प्लेस्टेशन ही दोन कन्सोल जपानमध्ये १९९४च्या अखेरीस अवघ्या अकरा दिवसांच्या अंतराने आली. जगभरात सॅटर्नचे सुमारे ९३ लाख नग खपले, तर प्लेस्टेशनचे १० कोटींहून जास्त. एवढी तफावत केवळ यंत्राच्या ताकदीने पडत नाही. लोक कन्सोल घेतात ते त्यावरच्या गेमसाठी, आणि गेम बनवणाऱ्या कंपन्या गिऱ्हाईक असेल तिकडे वळतात. हे चक्र सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत ज्याच्या बाजूने फिरते, त्याला मागे टाकणे पुढे फार अवघड जाते.

सॅटर्नच्या बाबतीत हे चक्र अमेरिकेत सुरुवातीलाच उलटे फिरले. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या पहिल्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केले की, सप्टेंबरमध्ये यायचे असलेले सॅटर्न आजपासूनच ३९९ डॉलरला मिळेल. माल मात्र मोजक्याच दुकानांत पोचला होता. वगळलेले दुकानदार दुखावले, आणि सप्टेंबर धरून काम करणाऱ्या कंपन्यांचे गेम तयार नव्हते. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, "२९९" एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. शंभर डॉलरचा हा फरक निर्णायक ठरला. त्यात सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर असल्याने त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणे किचकट होते, ही अडचण वेगळीच.

निन्टेन्डो ६४ हे १९९६चे कन्सोल प्लेस्टेशनपेक्षा बऱ्याच बाबतींत सरस होते, पण ते कॅसेटवर अडून राहिले. कॅसेट बनवायला महाग आणि तिच्यात जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मावत; सीडी स्वस्त आणि तिची क्षमता दहापट. तीन सीडींवर आलेला 'फायनल फँटसी ७' १९९७मध्ये प्लेस्टेशनकडे गेला. हा गेम बनवणारी, निन्टेन्डोची जुनी जोडीदार असलेली कंपनी अशी दूर जाणे हा मोठा फटका होता.

प्लेस्टेशन २ (२०००) आजवर सर्वाधिक खपलेले कन्सोल मानले जाते. त्याचा खप १५.५ कोटींच्या वर गेला. त्यावर जुने गेम चालत आणि डीव्हीडीवरचे चित्रपटही पाहता येत, त्यामुळे गेम न खेळणाऱ्या घरातही खरेदीला कारण मिळाले. सेगाचे ड्रीमकास्ट त्याच्या आधी येऊनही २००१मध्ये बंद पडले.

एकाच कंपनीचे लागोपाठचे दोन अनुभव याहून बोलके आहेत. निन्टेन्डोचे वी (२००६) प्रतिस्पर्ध्यांहून कमी ताकदीचे होते. पण हात हलवून टेनिस खेळता येते म्हटल्यावर आजी-आजोबाही सरसावले, आणि खप १० कोटींवर गेला. पुढचे वी यू (२०१२) दीड कोटीही गाठू शकले नाही. नावावरून अनेकांना ते जुन्या यंत्राचा जोडभाग वाटले, आणि बाहेरच्या कंपन्यांनीही लवकरच हात आखडता घेतला.

खपाचे आकडे वाचताना एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत जो 'व्हिडिओ गेम' होता, तो बहुतेकदा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या कन्सोलची नक्कल असे. मुले त्याच्या कॅसेट आपसात बदलून खेळत. फॅमिकॉम आणि एनईएस (त्याचीच जपानबाहेरची आवृत्ती) यांचा मिळून अधिकृत खप सुमारे ६.२ कोटी आहे. ही नक्कल-यंत्रे त्यात धरलेली नाहीत.