कवटी म्हणजे बंद डबा: मेंदूवरच्या प्रेशरची जुनी गोष्ट

ब्रेन हॅमरेजचा पेशंट आयसीयूत गेला की बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं, "मेंदूवर प्रेशर आलंय". मग मॅनिटॉलच्या (मेंदूतलं पाणी ओढून घेणारं औषध) बाटल्या, बेडची डोक्याकडची बाजू वर केलेली, कधी डोक्यातून निघालेली नळी आणि तिला लावलेली पिशवी, आणि फारच झालं तर थेट "कवटीचं हाड काढून ठेवावं लागेल". ऐकणाऱ्याला वाटतं हे सगळं हल्लीचं हायटेक प्रकरण असणार. पण यातली मूळ आयडिया आहे १७८३ ची.

त्या वर्षी एडिंबरात अलेक्झांडर मन्रोने लिहिलं की कवटी कडक आहे, मेंदू दाबून लहान होत नाही, म्हणजे आत जितकं रक्त येतं तितकंच बाहेर पडायला हवं. (हा मन्रो दुसरा, वडिलांचं नाव तेच, मुलाचंही तेच, आणि तिघंही तिथेच अॅनाटॉमीचे प्रोफेसर, म्हणजे घराणंच म्हणा ना.) त्याचा विद्यार्थी जॉर्ज केली शेजारच्या लीथ बंदरात डॉक्टर होता, त्याने वादळी रात्री उघड्यावर मेलेल्या दोन माणसांचे मेंदू तपासले, प्राण्यांवर प्रयोग केले आणि १८२४ च्या सुमारास गुरूचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. दोघांनीही मेंदूभोवतीच्या पाण्याचा, म्हणजे सीएसएफचा हिशोबच धरला नव्हता! तो पुढे जॉर्ज बरोजने १८४६ मध्ये धरला, आणि मेंदू, रक्त, पाणी या तिघांची बेरीज कायम राहते, एक वाढलं की दुसऱ्याने जागा द्यायची, हे आजच्या रूपात अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वे कुशिंगने १९२६ मध्ये मांडलं.

हॅमरेजमध्ये चौथा भिडू घुसतो, गोठलेलं रक्त. सुरुवातीला फार काही बिघडत नाही कारण थोडं पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, भरलेल्या लोकलमध्ये अजून चारजण सरकून सरकून मावतात तसं. पण एका क्षणानंतर पाचवा मावत नाही, आणि मग थोड्याशा रक्तानेही प्रेशर झपकन चढतं. म्हणूनच सकाळी बोलत होता आणि दुपारी बेशुद्ध, असं होतं आणि घरच्यांना वाटतं की अचानक काय झालं, पण आतली जागा तोवर संपत आलेली असते.

याच कुशिंगने तरुणपणी, १९०१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बर्नला सर्जन थिओडोर कोखरच्या लॅबमध्ये कुत्र्यांच्या कवटीत काचेची खिडकी बसवून आत प्रेशर वाढवत नेलं. खिडकीतून दिसायचं की मेंदूच्या रक्तवाहिन्या फिक्या पडतात आणि मग शरीर बीपी वाढवून जबरदस्तीने रक्त वर ढकलतं. बीपी वर, नाडी मंद, श्वास वेडावाकडा, या त्रिकुटाला आजही कुशिंगचंच नाव आहे आणि ते दिसलं की हातात फार वेळ नसतो. कोखर स्वतः तेव्हाच सांगत होता की प्रेशर हटत नसेल तर कवटी उघडा.

प्रत्येकवेळी कवटी उघडायची नसेल तर मेंदूतलं पाणीच ओढून घ्यायचं. १९१९ मध्ये वीड आणि मॅकिबन यांनी मांजरांच्या शिरेत मिठाचं तीव्र पाणी सोडलं आणि मेंदू चक्क आकसला. मग १९५० च्या दशकात युरिया आला, १९६० च्या दशकात मॅनिटॉल, जे अजून चालू आहे. थंडीत त्याच्या बाटलीत खडे धरतात आणि सिस्टर ती कोमट पाण्यात ठेवून विरघळवतात, मला हे बघून नेहमी गंमत वाटते. मिठाचं पाणीही ३ टक्के सलाइन होऊन परत आलंय.

पण प्रेशर किती हे कळत कुठे होतं? ते सलग मोजायची पद्धत बसवली स्वीडनमध्ये लुंडच्या निल्स लुंडबर्गने, १९६० मध्ये, मेंदूच्या पोकळीत नळी ठेवून. बीपीच्याच मापात नॉर्मल ७ ते १५, आणि त्याला ५० च्या वर जाऊन पाच-वीस मिनिटं तिथेच थांबणाऱ्या लाटा दिसल्या. तीच नळी पाणी काढायलाही उपयोगी, त्यामुळे हॅमरेज पोकळीत फुटून पाणी अडलं तर आजही आधी तीच टाकतात. १९७१ मध्ये लंडनला पहिला सीटी स्कॅन झाला, आणि रक्त नेमकं कुठे आहे ते उघडून न बघता दिसायला लागलं.

यानंतरचा काळ मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो कारण सोप्या वाटणाऱ्या गोष्टी एकेक करून आपटल्या. व्हेंटिलेटरवर जोरात श्वास देऊन प्रेशर उतरतं खरं, पण रक्तवाहिन्या इतक्या आकसतात की मेंदूच उपाशी राहतो. सूज म्हणून स्टिरॉइड द्यायचे, तर २००४ मध्ये डोक्याला मार लागलेल्या दहा हजार पेशंटच्या ट्रायलमध्ये उलट मृत्यू वाढले, आणि हॅमरेजमध्ये फायदा नाही हे थायलंडच्या ट्रायलने १९८७ लाच दाखवलं होतं.

हाड काढायचं ऑपरेशनही तसंच. अपघातवाल्या पेशंटच्या २०१६ च्या ट्रायलमध्ये सहा महिन्यांत मृत्यू ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले, पण वाचलेल्यांत कायम बेशुद्धावस्थेत राहिलेले जास्त. खोलवरच्या हॅमरेजसाठीची ट्रायल आली थेट २०२४ मध्ये, २०१ पेशंट, मृत्यू किंवा पूर्ण परावलंबित्व ५८ ऐवजी ४४ टक्के, आणि संशोधक स्वतःच म्हणाले की पुरावा कच्चा आहे. काढलेलं हाड मात्र आपल्याकडे बऱ्याचदा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात, काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवायला, आणि घरी भेटायला आलेल्यांना ते समजावून सांगताना घरच्यांची पुरेवाट होते.